चौदा उत्स्फूर्त प्रश्न

आमच्या शाळेतले गणिताचे सर मुलांना नावाने हाक मारत नसत. हजेरीपटावरचा नंबर घेत. "सात नंबर, फळ्याकडे बघ. बावीस नंबर, खिडकीबाहेर काही शिजत नाहीये." त्यांच्या खिशातून कायम एक लाकडी पट्टी डोकावत असे. ती मारायला नव्हती. सव्वीस वर्षांत त्यांनी एकाही मुलाच्या अंगाला बोट लावलं नव्हतं. पट्टी होती उत्तराखाली दोन रेघा ओढायला. हाताने ओढलेली रेघ त्यांना बघवत नसे. मुलं त्यांना पट्टीसर म्हणत, आणि पाठीमागे आम्हीसुद्धा.

मी त्याच शाळेत भाषा शिकवते. स्टाफरूममध्ये त्यांची खुर्ची माझ्या शेजारी, त्यामुळे पुढचं सगळं मी जवळून पाहिलं. आणि खरं सांगायचं तर त्यातला बराचसा उपद्व्याप माझ्याच पेनातून उतरलेला आहे.

झालं असं की वरून एक परिपत्रक आलं. चार पानी. शिक्षण आनंददायी, मुक्त आणि सर्जनशील असावं, मुलांनी स्वतःहून प्रश्न विचारावेत, पाठांतराला पूर्ण फाटा द्यावा, असं त्यात म्हटलं होतं. शेवटच्या ओळीत लिहिलं होतं की हे न करणाऱ्यांवर कारवाई होईल. महिन्याभराने शिक्षण खात्याचे साहेब स्वतः पाहायला येणार होते.

मुख्याध्यापिकेला आम्ही मोठ्या बाई म्हणतो. त्यांनी परिपत्रक मीटिंगमध्ये दोनदा वाचून दाखवलं आणि विचारलं, "सर्जनशीलता कोण घेतंय?"

कोणी वर पाहिलं नाही. चित्रकलेच्या सरांची जागा तीन वर्षं रिकामी होती आणि त्यांचे तास गणिताच्या उजळणीला दिलेले होते.

"सर, तुम्हीच घ्या," मोठ्या बाई पट्टीसरांना म्हणाल्या. "तुमचा वर्ग सगळ्यात शांत असतो."

पट्टीसरांनी नाही म्हटलं नाही. दिलेलं काम ते कधीच टाळत नसत. त्यांनी परिपत्रक घरी नेलं, महत्त्वाच्या वाक्यांखाली पट्टीने रेघा ओढल्या आणि दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत माझ्यासमोर ठेवलं.

"बाई, मला चौदा उत्स्फूर्त प्रश्न लिहून द्याल? शुक्रवारपर्यंत."

"सर, उत्स्फूर्त म्हणजे आयत्या वेळी सुचलेले."

"हो ना. म्हणूनच शुक्रवारी हवेत. सोमवारपासून पाठ करून घ्यायचेत."

मी हसले. ते हसले नाहीत. सहावीच्या त्यांच्या वर्गात अठ्ठावीस मुलं. खिडकीकडच्या रांगेत चौदा आणि भिंतीकडच्या रांगेत चौदा. खिडकीने प्रश्न विचारायचे, भिंतीने उत्तरं द्यायची. विषय त्यांनी पाणी ठरवला होता, कारण पाण्यावर कोणाचा आक्षेप नसतो.

मी शुक्रवारी प्रश्न दिले, उत्तरंही दिली. का दिली? दोन कप चहा आणि थोडी भीड, बाकी काही नाही. शिवाय लिहिताना मजा येत होती, हेही कबूल करते. मुलांना काय सुचेल याचा विचार मी चार दिवस करत होते. मुलांना विचारावं हे मात्र मला सुचलं नाही.

मग अकरा दिवस तालीम चालली. सरांनी मुलांना सुचल्याचा चेहरासुद्धा शिकवला. आधी भुवया वर, मग तोंड अर्धं उघडं, मग हात. "तीन नंबर, तुला सुचण्याआधीच तू उठलास. बस खाली. पुन्हा सुचू दे." नियम एकच होता. खिडकीकडून एकाने विचारून खाली बसलं की भिंतीकडून पुढच्याने उठायचं. कोणी कोणाकडे बघायचं नाही, मान खाली घालायची नाही, थांबायचं नाही. शेवटच्या दोन दिवसांत वर्ग असा चालायला लागला की शिलाई मशीनची सुई खालीवर होतेय असं वाटावं.

साहेब आले त्या सकाळी खिडकीच्या रांगेतली पाचवी मुलगी आली नाही. तिला गालगुंड झाल्याचा घरून फोन आला. ही मुलगी चालताना कधी कोणाला दिसली नव्हती, कायम पळत असायची, म्हणून सगळे तिला भिंगरी म्हणत. पट्टीसरांनी घाम पुसला आणि भिंतीच्या रांगेतल्या पाचव्या मुलाला बजावलं, "आज तुझं उत्तर नाही. तू उठायचं नाहीस." त्याने मान डोलावली. पण अकरा दिवसांची सवय एका वाक्याने कशी मोडणार?

साहेब उतारवयाचे, हळू बोलणारे, हातात काळी डायरी. ते आणि मोठ्या बाई मागच्या बाकावर बसले. मी दाराशी उभी होते. पहिले चार प्रश्न, पहिली चार उत्तरं, सगळं सुईदोऱ्यासारखं. साहेबांना जांभई आलेली मी पाहिली.

मग गैरहजर पाचव्या मुलीच्या जागी खिडकीच्या रांगेतली सहावी मुलगी उठली. भुवया वर, तोंड अर्धं उघडं. "ढग एवढे जड असतात, तर खाली का पडत नाहीत?"

भिंतीचा पाचवा सटकन उठला. "कारण त्याला स्वतःचा आकार नसतो, आपण देऊ तो आकार ते घेतं."

ते भिंगरीच्या प्रश्नाचं उत्तर होतं. पट्टीसरांचा हात खिशातल्या पट्टीकडे गेला आणि तिथेच राहिला. आता थांबवणार कसं? मुलांना थांबायचं नाही असंच शिकवलेलं.

"मासे झोपताना डोळे का मिटत नाहीत?"

"कारण ते बारीक थेंबांचे असतात आणि खालची हवा त्यांना वर उचलते."

साहेबांनी डायरी उघडली.

"आपण रडतो तेव्हा अश्रू खारट का लागतात?"

"कारण त्यांना पापण्याच नसतात."

वर्गात कोणी हसलं नाही. हसायचं नाही हेही तालमीत होतं. अठरा गंभीर चेहरे एकमेकांकडे न बघता उठत होते, बसत होते, आणि माझी साधीसुधी उत्तरं एक-एक घर सरकून भलत्याच प्रश्नांना जाऊन बिलगत होती. साहेब भराभर लिहीत होते. शेवटच्या प्रश्नाचंही उत्तर देऊन झालं. प्रश्न संपले. पण भिंतीचा चौदावा अजून उरला होता. गोलमटोल, शांत मुलगा. नळ का गळतो या प्रश्नाचं उत्तर त्याच्याकडे होतं आणि तो प्रश्न आधीच होऊन गेला होता. त्याने क्षणभर वाट पाहिली. मग उठला आणि खणखणीत आवाजात म्हणाला, "कारण आतला वायसर झिजलेला असतो."

आणि खाली बसला.

साहेबांनी पेन बंद केलं. "न विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर," ते हळूच म्हणाले. "तीस वर्षं मी हेच सांगतोय. आतलाच वायसर झिजलाय. आणि ते सांगितलं कोणी, तर एका सहावीतल्या मुलाने."

आठवड्याच्या आत पत्र आलं. पट्टीसर आता सर्जनशील शिक्षणाचे मार्गदर्शक झाले होते. इतर शाळांतल्या शिक्षकांना त्यांनी आपली पद्धत शिकवायची होती, आठवड्यातून तीन दिवस.

पत्र घेऊन ते थेट मोठ्या बाईंकडे गेले. माझी साक्ष हवी म्हणून मलाही ओढत नेलं.

"बाई, ते चुकलं होतं. उत्तरं सरकली होती. आम्ही पाठ करून घेतलं होतं."

मोठ्या बाई शांतपणे म्हणाल्या, "साहेबांना कळलं का?"

"नाही."

"मग तुम्ही कशाला कळवताय? त्यांचं मन मोडेल. आणि शाळेचं नावही."

"पण ते खोटं आहे."

"सर, इतकी वर्षं तुम्ही बरोबर शिकवताय. तुम्हाला कोणी कधी पत्र पाठवलं?"

परत येताना जिन्यात पट्टीसर म्हणाले, "प्रश्न तुमचे, उत्तरं तुमची. तुम्हीच जा ना माझ्याऐवजी." मी म्हटलं, "गालगुंड तर भिंगरीचं. तिलाच पाठवू या." तेव्हाही ते हसले नाहीत.

पहिल्याच व्याख्यानात त्यांनी सगळं कबूल करून टाकलं. मला हे त्यांनीच नंतर सांगितलं. सभागृहात शंभरेक शिक्षक होते. हे उभे राहिले आणि म्हणाले, सगळं घोकून घेतलेलं होतं, एक मुलगी आजारी पडली आणि उत्तरं सरकली, यात माझं काही कर्तृत्व नाही. मग टाळ्यांचा कडकडाट झाला. इतका नम्र मार्गदर्शक त्यांनी पाहिला नव्हता. मागच्या रांगेतल्या एका बाईंनी वही सरसावून विचारलं, "सर, मूल कितव्या जागेवरचं गैरहजर ठेवावं?"

पुढच्या दोन महिन्यांत आसपासच्या बऱ्याच शाळांत तपासणीच्या दिवशी एखाद्या मुलाला घरी बसवायला लागले. पट्टीसर प्रत्येक व्याख्यानात तेच खरं सांगत आणि प्रत्येक वेळी टाळ्या घेऊन परत येत. चेहरा उतरलेला असायचा. डबा न उघडता घरी न्यायला लागले. "बाई," एकदा म्हणाले, "खरं सांगूनही खोटं पडतं, असं गणित मी कधी सोडवलेलं नाही."

इकडे त्यांच्या वर्गाला तीन दिवस गणिताचा शिक्षकच नव्हता. मोठ्या बाईंनी त्या तासाला शिपाईमामांना बसवलं. मामांना शिकवता येत नव्हतं आणि स्वस्थ बसताही येत नव्हतं. पंधरा दिवसांवर शाळेच्या शर्यती आल्या होत्या, आणि मैदानावर पळायच्या रेषा आखायचं काम त्यांच्याच गळ्यात होतं. त्यांनी दोन पोती पांढरी फक्की, एक दोरी आणि अख्खा वर्ग मैदानावर नेला. चार रेषा, लांबट गोल, मध्ये एक-एक मीटरची जागा. दरवर्षी अशाच आखायचे.

भिंगरी तोवर बरी होऊन आली होती. मामा सुरुवातीची आडवी रेघ ओढायला वाकले तेव्हा ती आडवी आली.

"मामा, इथे नको. गेल्या वर्षी मी सगळ्यात बाहेरच्या रेषेत होते. बाहेरच्याला जास्त पळावं लागतं."

"काहीतरीच. सगळ्यांना एकच फेरी असते."

"फेरी एकच, पण माझी मोठी होती."

"हरलीस म्हणून सांगतेस," कोणीतरी म्हणालं. मग जे भांडण सुरू झालं ते चार दिवस चाललं. दोरी आतल्या रेषेवरून फिरवून मोजली, मग बाहेरच्या. दोरी वळणावर सरकायची, म्हणून मुलं दर दोन पावलांवर चप्पल ठेवून ती दाबून धरायला लागली. त्या गोलमटोल मुलाने आकडे लिहायचं काम घेतलं, कारण त्याला पळायचं नव्हतं. मी वरच्या मजल्यावर कविता शिकवत होते आणि माझा निम्मा वर्ग खिडकीला लटकलेला होता.

एके दुपारी पट्टीसर लवकर परतले. सभागृहात वीज नव्हती, व्याख्यान रद्द झालं होतं. वर्ग रिकामा पाहून ते तरातरा मैदानावर गेले. मीही मागे गेले, म्हटलं आज मामांचं काही खरं नाही. मुलं पायापासून केसांपर्यंत पांढरी झाली होती. मैदानभर चपला अंथरलेल्या. सरांनी तोंड उघडलं, तेवढ्यात भिंगरी धावत आली.

"सर, बरं झालं आलात. प्रत्येक रेषेला सहा मीटर आणि वर वीतभर जास्त येतंय. म्हणजे बाहेरच्याला तेवढं पुढे उभं करायचं. बरोबर?"

"परीघ काढलात? त्रिज्या किती घेतली?"

"ते नाही माहीत. दोरी फिरवली."

"दोरीने नाही चालत. आधी त्रिज्या..."

"पण सर, एक गंमत आहे," गोलमटोल मुलगा वही घेऊन पुढे आला. "आमच्यातला एकजण म्हणाला मैदान मोठं असतं तर फरक जास्त आला असता. म्हणून आम्ही तिकडे छोटा गोल काढला, आणि इकडे हा एवढा मोठा. दोन्हीकडे तेवढाच फरक येतोय. सहा मीटर आणि वीतभर. तीनदा मोजलं. का येतोय?"

पट्टीसर म्हणाले, "असं होणार नाही." त्यांनी खिशातून पेन काढलं, कागद मिळेना, तर तळहातावर लिहायला लागले. लिहिता लिहिता फक्कीच्या पोत्यावर बसले. मुलं भोवती वाकून बघत होती. थोड्या वेळाने त्यांनी मान वर केली. त्यांच्या चेहऱ्यावर भुवया वर गेल्या होत्या आणि तोंड अर्धं उघडं होतं, आणि हे त्यांना कोणी शिकवलेलं नव्हतं.

"त्रिज्या उडून जाते," ते म्हणाले. "वजाबाकीत त्रिज्या उडून जाते! गोल केवढाही घ्या, फरक फक्त मधल्या जागेवर ठरतो." मग माझ्याकडे वळून, "बाई, सव्वीस वर्षं मी परीघ शिकवतोय. हे मला कधी दिसलंच नाही."

त्या दिवसापासून व्याख्यान नसलेले दोन दिवसही ते मैदानावरच असायचे. मुलांची नावं त्यांना येत नव्हती, हे तिथे पहिल्यांदा लक्षात आलं. मैदानावर मुलं नंबराने बसलेली नसतात.

आणि नेमके त्याच आठवड्यात साहेब आले. बरोबर बाहेरगावचे चार पाहुणे, आदर्श वर्ग दाखवायला आणलेले. वर्गात कोणी नाही. मोठ्या बाई त्यांना मैदानावर घेऊन गेल्या. तिथे दोन मुलं एकमेकांच्या अंगावर ओरडत होती, एक मुलगी दोरी तोंडात धरून रांगत होती, आणि आदर्श मार्गदर्शक गुडघ्यापर्यंत पांढरे होऊन चपला गोळा करत होते.

"मुलांनो," साहेब प्रेमाने म्हणाले, "कोणाला काही प्रश्न सुचतोय का?"

कोणी उठलं नाही. सगळे उभेच होते. भिंगरी म्हणाली, "साहेब, जरा बाजूला होता का? रेषेवर उभे आहात."

साहेबांचा शेरा चार दिवसांनी आला. मोठ्या बाईंनी तो मीटिंगमध्ये वाचला. "वर्गात शिस्तीचा अभाव. मुले प्रश्न विचारत नाहीत. सर्जनशीलतेची कोणतीही खूण आढळली नाही." पट्टीसरांचं मार्गदर्शकपद गेलं. त्या दिवशी मधल्या सुट्टीत त्यांनी डबा उघडला, पूर्ण संपवला आणि माझ्या डब्यातलंही थोडं घेतलं.

शर्यतींच्या दिवशी आडव्या रेघेऐवजी चार रेघा पायऱ्यांसारख्या पुढे-पुढे सरकलेल्या होत्या. चिठ्ठ्या टाकल्या, तर भिंगरीच्या वाट्याला पुन्हा बाहेरचीच रेष आली. तिला सगळ्यांच्या पुढे उभं केलेलं पाहून पालकांत गलका झाला. आतल्या रेषेतल्या मुलीचे वडील तर मैदानातच उतरले. "ही काय शर्यत आहे? तिला अर्धं मैदान आधीच दिलंत!"

मला वाटलं पट्टीसर आता त्रिज्येपासून सुरुवात करणार. ते म्हणाले, "दादा, तुम्ही आतून चाला, मी बाहेरून चालतो. आडवी एकच रेघ धरू. पाऊल बरोबर टाकायचं."

दोघे निघाले. तीनशे माणसं बघत होती. उंचीला दोघे सारखेच. अगदी कवायतीसारखे एक-दोन करत चालले. फेरी संपली तेव्हा ते वडील रेघेवर येऊन उभे होते आणि सर बरेच मागे, चालतच होते. वडिलांनी वाट पाहिली. घड्याळात पाहिलं. सर पोचल्यावर म्हणाले, "असं होय," आणि पालकांत जाऊन बसले. तिथे शेजारच्याला तेच समजावून सांगताना मी ऐकलं, आणि चुकीचं सांगत होते, पण जोरात सांगत होते.

भिंगरी जीव तोडून पळाली आणि दुसरी आली. पहिली आली ती आतल्या रेषेतली. मला वाटलं ही रडणार. ती धापा टाकत सरांकडे आली आणि म्हणाली, "ती माझ्यापेक्षा खरंच जोरात पळते हो, सर." तिला त्याचं एवढं नवल वाटत होतं की हरल्याचं विसरूनच गेली.

पुढच्या वर्षी वाद नको म्हणून मोठ्या बाईंनी शर्यती सरळ रेषेत घ्यायचं ठरवलं आहे. वळणच नको.

गणिताचा अभ्यासक्रम मात्र तीन प्रकरणं मागे पडला होता. त्याचा खुलासा एका छापील तक्त्यात भरून द्यायचा असतो. कारणाच्या रकान्यात पट्टीसरांनी लिहिलं, 'मुले शिकत होती.' तक्ता दुसऱ्या दिवशी परत आला. वर लाल शेरा होता, 'कारण ग्राह्य नाही.'

सरांनी मला विचारलं, "बाई, भाषा तुमची. काय लिहू?"

मी म्हटलं, "आजारपण लिहा."

त्यांनी लिहिलं. ते लगेच मंजूर झालं.